आडनाव आधी

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर तोच मुलगा नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने असतो. पॅनवर मधल्या नावाचं कधी नुसतं आद्याक्षर उरतं. बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव गळालेलं असतं. लग्न झालेली मुलगी असेल तर दोन कागद माहेरच्या नावाचे आणि दोन सासरच्या. विदर्भात वानखेडे आहेत तसे वानखडेही आहेत, आणि इंग्रजीत लिहिताना दोघांची स्पेलिंगं सहज एकमेकांत मिसळतात. नागपूरजवळच्या बुटीबोरीचा कारखाना असो की मिहानमधली आयटी कंपनी, जॉइनिंगच्या दिवशी हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले की एकाच माणसाची चार माणसं झालेली दिसतात.

एचआरमधल्या, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ खात्यातल्या, नव्या प्रवाहांचा विषय निघाला की एआय, हायब्रिड (थोडं घरून, थोडं ऑफिसातून काम), एंगेजमेंट (कर्मचाऱ्यांना कामात गुंतवून ठेवणं) हे शब्द लगेच येतात. ते शब्द पोकळ नाहीत. पण अलीकडे कामाच्या जागी सगळ्यात मोठा बदल झाला तो या टेबलावर. पूर्वी कामगाराची नोंद कंपनीच्या कपाटात राहायची आणि कंपनी सुटली की कपाटही सुटायचं. आता यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), आधार, पॅन, बँक खातं ही साखळी माणसाबरोबर एका कंपनीतून दुसरीत जाते. ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र त्या साखळीत पहिल्या दिवशी पडलेली चूकसुद्धा त्याच्याबरोबर जाते. पहिल्या दिवशी सापडली तर ती दुरुस्त करायला तास-दोन तास लागतात. पंधरा वर्षांनी, मुलीच्या लग्नासाठी पीएफ काढताना सापडली तर महिनोन् महिने जातात.

१ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन साधारणपणे कामगाराने स्वतःच्या मोबाइलवर, उमंग ॲपमधून चेहरा दाखवून काढायचा आहे. यात नाव थेट आधारवरून उचललं जातं, त्यामुळे टायपिंगची चूक टळते. अडतं ते दुसरीकडे. आधारवरचा फोटो शाळेत असतानाचा असतो आणि समोर दाढीवाला पंचवीस वर्षांचा माणूस उभा असतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर काकाचा असतो, ओटीपी काकाला जातो आणि काका शेतात असतो. कारखान्याच्या गेटपाशी, पाठीमागे ऊन असताना कॅमेरा चेहरा पकडतच नाही. खोलीत, समोरून उजेड घेऊन उभं केलं की पकडतो. म्हणून ऑफर लेटरबरोबरच, जॉइनिंगच्या दहा-बारा दिवस आधी, एक साधा मराठी मेसेज जायला हवा: आधार, पॅन आणि पासबुक तिन्हींवरचं नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, आधारला स्वतःचा नंबर जोडा, आणि पूर्वी कुठेही, ठेकेदाराकडे एक महिना का होईना, पीएफ कापला गेला असेल तर तो जुना यूएएन घेऊन या.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महागात पडतो. हिंगण्यातला एखादा फिटर पाच वर्षांत तीन ठेकेदारांकडे काम करतो. दर वेळी सुपरवायझर विचारतो, "भाऊ, कागद आणले का सारे?" आणि सारे म्हणजे आधार, पासबुक आणि दोन फोटो एवढंच त्याला अभिप्रेत असतं. जुना यूएएन कोणी विचारत नाही, नवा काढला जातो, आणि एकाच माणसाचे तीन यूएएन होतात. पैसे बुडत नाहीत, पण नोकरीची वर्षं तीन तुकड्यांत विखुरतात. पीएफच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची नोकरी लागते. तुकडे जोडलेले नसतील तर बारा वर्षं राबलेला माणूस कागदावर चार-चार वर्षांचाच राहतो. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी जोडलेला आहे, त्यांना आता नाव, जन्मतारीख अशा बऱ्याच दुरुस्त्या स्वतः ऑनलाइन करता येतात. त्याआधीच्यांना अजून कंपनीची मंजुरी लागते, आणि ती कंपनी बंद पडलेली असली की पीएफ ऑफिसच्या चकरा सुरू होतात.

नॉमिनीचंही तसंच आहे. बावीस वर्षांचा मुलगा रुजू होताना वडिलांचं नाव टाकतो. पुढे लग्न होतं. पीएफच्या नियमांत लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर बाद ठरतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पीएफबरोबर कामगाराचा विमाही असतो, सात लाखांपर्यंतचा, आणि त्यासाठी त्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. वेळ आलीच तर हा पैसा लवकर मिळायचा की सासरा आणि सून यांच्यात ताणाताणी होऊन अडकायचा, हे एका पाच मिनिटांच्या ई-नॉमिनेशनवर ठरतं. लग्नाची पत्रिका ऑफिसात आली की नोटीस बोर्डावर लावतात. तिची एक प्रत नॉमिनेशनच्या फाइलला लावण्याची सवय केली, तर एचआरने लग्नात दिलेला तो सर्वांत मोलाचा आहेर होईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या दोन-तीन गोष्टी नागपूरसारख्या शहराला विशेष लागू पडतात, कारण इथल्या कारखान्यांत ठेक्याचे आणि ठरावीक मुदतीचे कामगार भरपूर आहेत. पहिली गोष्ट म्हणजे नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं आहे. "उद्यापासून ये" या तोंडी शब्दावर उभ्या असलेल्या कितीतरी नोकऱ्यांना यामुळे प्रथमच कागद मिळतो. दुसरी, ठरावीक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेसाठी, पाच वर्षं थांबावं लागत नाही. एक वर्ष भरलं की त्या प्रमाणात ती देय होते. अकरा महिन्यांचा करार करून एक दिवसाचा खंड द्यायचा आणि पुन्हा अकरा महिने, ही जुनी रीत अजून काही ठिकाणी आहे. तो खंड कशासाठी दिला जातो हे कामगारालाही कळतं. अशा कामगाराने मशीनवर जीव लावावा ही अपेक्षा धरता येत नाही.

तिसरी गोष्ट पगाराच्या फोडीची. तीस हजारांचा पगार धरा: मूळ पगार दहा हजार, उरलेले वीस हजार घरभाडं, प्रवास वगैरे भत्त्यांत. संहितेनुसार असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. तीस हजारांचे निम्मे पंधरा, भत्ते वीस, म्हणजे जास्तीचे पाच हजार वेतनात आले आणि वेतन झालं पंधरा हजार. आता हिशेब करा. ग्रॅच्युइटीचं सूत्र शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी दहा हजारांवर २८,८४६ रुपये होते, पंधरा हजारांवर ४३,२६९. पीएफचा कामगाराचा हिस्सा १२ टक्क्यांनी १,२०० वरून १,८०० होतो, कंपनीचाही तेवढाच. ज्या कंपनीत कंपनीचा हिस्सासुद्धा सीटीसीच्या (कंपनीचा त्या माणसावरचा एकूण खर्च) आतच धरलेला आहे आणि सीटीसी तोच ठेवला, तिथे हातात येणारा पगार महिन्याला बाराशेने कमी होतो. ज्यांचा पीएफ आधीपासून पंधरा हजारांच्या मर्यादेवर कापला जातो, त्यांच्या हातातल्या पगाराला यामुळे धक्का लागत नाही.

हे सगळं समजावून सांगण्याची एक वेळ असते, आणि ती बदललेली पगारपावती हातात पडायच्या आधीची. पगार कमी दिसला की माणूस आधी घरी सांगतो, मग शेजारच्या मशीनवाल्याला, आणि एचआरपर्यंत ती गोष्ट चौथ्या दिवशी "कंपनीनं पगार कापला" अशी होऊन येते. मग कितीही तक्ते दाखवा. त्यापेक्षा आधीच्या महिन्यात, जेवणाच्या सुटीत, पंचवीस-तीस जणांच्या गटात, फळ्यावर वरचंच उदाहरण मराठीत आणि हिंदीत मांडलं तर दहा मिनिटं लागतात. स्वतःच्या आकड्यांची चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात हवी: जुनी फोड डावीकडे, नवी उजवीकडे, पीएफमध्ये वाढलेली रक्कम खाली. आपला पैसा दुसऱ्या खिशात गेलाय, हे आकड्यात दिसलं की राग बराच निवळतो. तरीही मुलाची फी भरणाऱ्याला बाराशे रुपये आज हवे असतात. ते त्याचं म्हणणं खरं आहे. त्याला भविष्याचा उपदेश करू नये. निदान एक महिन्याची आगाऊ सूचना द्यावी.

पगारवाढीत आणखी एक खड्डा आहे. महिन्याला २१,००० पर्यंत वेतन असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, संरक्षण मिळतं, कामगाराचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के जातात. वीस हजार आठशेवरच्या माणसाला सातशेची वाढ दिली की तो मर्यादेबाहेर जातो. लगेच नव्हे, एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जो अंशदानाचा काळ चालू असेल तो संपेपर्यंत तो आत राहतो. त्यानंतर अंशदान थांबतं, आणि आधीच्या अंशदानावर मिळणारं संरक्षण सरलं की आईच्या डायलिसिसचा किंवा बायकोच्या बाळंतपणाचा खर्च अंगावर येतो, आणि सातशेची वाढ पहिल्याच आठवड्यात संपते. वाढीचं पत्र काढताना एक नजर २१,००० च्या आसपासच्या नावांवर टाकायची आणि त्यांच्यासाठी ग्रुप मेडिक्लेम ते संरक्षण संपायच्या आत सुरू करायचा, एवढंच काम आहे. ते राहून जातं, कारण वाढ ठरवणारा माणूस वेगळा आणि ईएसआयसी पाहणारा वेगळा.

नागपूरला ही चिंता नवी नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड आला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, तेव्हा असा कोणताही कायदा देशात नव्हता. गिरणीच्या खात्यांत हवा दमट ठेवणारी यंत्रणा आणि आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले होते. इथल्या उन्हाळ्यात कापसाचा धागा तुटतो, आणि त्याच हवेत माणूसही तुटतो. आज त्या जागी मॉल उभा आहे. पण मे महिन्यात नवतपा, म्हणजे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की बुटीबोरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहिली पाळी सहाला सुरू करून जड उचल-ठेव अकराच्या आत उरकणं, दुपारी तासाला दहा मिनिटं सावलीत बसवणं, पाण्याच्या टाकीशेजारी ओआरएसची पाकिटं ठेवणं आणि ती कोणी उचलली याची नोंद न ठेवणं, याला पैसा फार लागत नाही. नोंद ठेवली की पोरं लाजेनं घेत नाहीत.

हजेरीचं यंत्र मात्र सगळीकडे आलं. जो सिमेंट, चुना किंवा केमिकल हाताळतो त्याच्या बोटाचे ठसे झिजतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही, म्हणून आता चेहऱ्यावरची हजेरी वाढते आहे. यात चूक होण्याची जागा ठरलेली असते: राहिलेली किंवा उशिरा पडलेली नोंद. हजेरीचा महिना बहुतेक ठिकाणी २५ तारखेच्या आसपास बंद होतो, पगार ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. २४ तारखेला कंपनीची बस वर्धा रोडच्या जाममध्ये अडकली, चाळीस जण सहा मिनिटं उशिरा आले, आणि सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे चाळीस जणांचा अर्धा दिवस कापला. सॉफ्टवेअरला बस माहीत नाही. त्याला माहीत करून देता येते: हजेरीच्या नोंदीत प्रत्येकाचा बस नंबर टाका, बस उशिरा आली तर गेटवरच्या रजिस्टरमधली एक नोंद त्या बसच्या सगळ्यांना लागू करा. चाळीस अर्ज वाचतात. शिवाय एका माणसाचा अर्धा दिवस परत मिळवण्यासाठी त्याला सुपरवायझरपुढे हात जोडावे लागत नाहीत. हात जोडायला लावणं माणसाच्या मनात फार खोल जातं. पगार परत मिळाल्यावरही ते राहतं.

मेट्रोने थोडं बदललं आहे. ॲक्वा लाइनवरून लोकमान्य नगरला उतरलं की हिंगणा एमआयडीसी जवळ येते. ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते, पण मिहानच्या आत शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी वाहन लागतंच. रात्रपाळीला मेट्रोचा उपयोग नाही. नव्या संहितेने महिलांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीची मुभा दिली, सुरक्षेची जबाबदारी कंपनीवर ठेवून. संमतीचा फॉर्म बऱ्याच ठिकाणी जॉइनिंगच्या कागदांच्या गठ्ठ्यात असतो आणि मुलगी इतर पंधरा सह्यांबरोबर तीही सही करते. ती संमती मानता येणार नाही. संमती वेगळ्या दिवशी घ्यावी, दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारावी, आणि "आता नको" म्हणणाऱ्या ताईची पाळी कारण न विचारता पुढच्या रोस्टरला बदलावी. गाडीचा मार्ग आखताना अंतर पाहून आखला जातो, आणि मग मानेवाड्याची मुलगी सगळ्यांत आधी उतरते नि जरीपटक्याची शेवटी, एकटी. पहिली चढणारी आणि शेवटची उतरणारी महिला असता कामा नये, निदान गार्ड सोबत हवा. त्यासाठी आठ किलोमीटरचा फेरा पडला तर पडू द्यावा. डिझेलचा तो खर्च कोणत्याही एंगेजमेंट कार्यक्रमापेक्षा कमी आहे.

एआयबद्दल थोडक्यात. बायोडाटा चाळणारी सॉफ्टवेअरं इथेही आली आहेत आणि शेकडो अर्ज असतील तर ती उपयोगी पडतात. दोन रकान्यांचा सजवलेला बायोडाटा ती कधीकधी आडवा वाचतात, मग अनुभवाच्या ओळीत छंद शिरतो. १९२३ चं नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे. जुन्या पदव्यांवर एक नाव, नव्यांवर दुसरं, बायोडाट्यात तिसरीच आद्याक्षरं. यादीत एकच रूप असेल तर बाकीचे गळतात. सगळ्यांत वाईट म्हणजे "पदवीधर" हा गाळणीचा एक शब्द. त्याने दहा वर्षांचा अनुभव असलेला आयटीआयचा फिटर बाहेर जातो आणि ज्याने लेथला हात लावलेला नाही तो आत येतो. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो: आठवड्यातून एकदा नाकारलेल्या अर्जांतून कोणतेही वीस काढायचे आणि खात्याच्या माणसाने, एचआरने नव्हे, डोळ्यांनी वाचायचे. त्यात दोन चांगले निघाले तर गाळणीचे शब्द बदलायचे. २०२० मध्ये पुण्या-हैदराबादहून नागपूरला परतलेली आणि इथेच राहू इच्छिणारी मुलंही या गाळणीत अडकतात, कारण मधल्या वर्षाच्या खंडाला सॉफ्टवेअर दोष समजतं. त्या वर्षी घरी कोण आजारी होतं, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

पहिल्या दिवसाइतकीच काळजी शेवटच्या दिवसाची घ्यायला हवी, आणि तिथे सगळीकडे ढिलाई आहे. राजीनामा दिलेला माणूस जणू दिसेनासा होतो. वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटीला तीस दिवस मिळतात. पण अनेक ठिकाणी फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, अजून पुढच्या पगाराबरोबर होतं, पंचेचाळीस दिवस लागतात, कारण नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नसल्याचा, कागद सात टेबलं फिरतो: स्टोअर, टूल रूम, कँटीन, आयटी, अकाउंट्स, खातेप्रमुख, सिक्युरिटी. एक साहेब रजेवर असला की कागद थांबतो. दोन दिवसांत हिशेब द्यायचा तर उलटं मोजावं लागतं. शेवटच्या दिवसाच्या दहा दिवस आधी सातही टेबलांना एकाच वेळी यादी जावी आणि प्रत्येकाने फक्त आपल्याकडची बाकी लिहावी. कोणी लिहिलं नाही तर बाकी शून्य धरावी. शिल्लक रजांचा आकडा माणसाला पाच दिवस आधी दाखवून सही घ्यावी, भांडण व्हायचं ते तेव्हाच होऊ द्यावं. शेवटच्या दिवशी फक्त लॅपटॉप किंवा टूलकिट आणि गेटपास उरला पाहिजे.

पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकणं ही सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट. त्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत होतो, तोवर तो माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. तारीख नसली की नव्या कंपनीत पैसे वळते होताना अडतात. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाल्यावर माणसाला स्वतःही ती तारीख पोर्टलवर टाकता येते, हे त्याला जाताना सांगायला हवं. आणि टाकताना ती रिलिव्हिंग लेटरवरचीच टाकायची, नाहीतर नव्या नोकरीच्या तारखेवर चढते आणि दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्यासारखं दिसतं.

मग राहतं सिमकार्ड. सेल्समधली, सर्व्हिसमधली, साइटवरची कितीतरी माणसं वर्षानुवर्षं कंपनीने दिलेला नंबर वापरतात आणि तोच आधारला, बँकेला, यूएएनला जोडतात. शेवटच्या दिवशी आयटीच्या टेबलावर सिम जमा होतं, महिन्याभराने ते नव्या मुलाला दिलं जातं, आणि जुन्या माणसाच्या पीएफचा ओटीपी त्या मुलाच्या खिशात वाजतो. म्हणून राजीनामा आला त्याच दिवशी, नो ड्यूजच्या यादीत सर्वांत वर लिहावं: नंबर तिन्ही ठिकाणी बदलला का? बदलल्याचे मेसेज माणसाने दाखवावेत, मगच सिम घ्यावं.